बोजा चढतो, बॅटरी उतरते

इंग्रजीतला ‘चार्ज’ मराठीने जसाच्या तसा घ्यावा, त्याचे भार, प्रभार, आकार, बोजा, दोषारोप असे तुकडे पाडत बसू नये, असे माझे मत होते. नोकरीची बहुतेक वर्षे मी ते हिरिरीने मांडत आलो. आज ते मत माझे राहिलेले नाही. माझ्या हाताखाली शिकलेले काही जण आता स्वतः शिक्षक आहेत आणि मी पटवून दिलेले तेच जुने मत घेऊन वर्गावर जातात. निदान त्यांच्यासाठी तरी हे लिहायला हवे.

सातारा जिल्ह्यात, कराड-पाटणच्या बाजूला, मी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवले. पुस्तकात ‘विद्युत प्रभार’ आला की मला अवघडल्यासारखे होई. त्या मुलांनी प्रभार हा शब्द आधी कुठे पाहिलाच असेल, तर ‘प्रभारी मुख्याध्यापक’ या पाटीवर. एका मुलीने उभे राहून विचारले होते, ‘‘सर, प्रभारी म्हणजे ज्यांच्यात प्रभार असतो ते का?’’ वर्ग हसला. ती मात्र मनापासून विचारत होती आणि व्याकरणाने तिचे म्हणणे बरोबरच होते. मी फळ्यावरचा प्रभार पुसून ‘चार्ज’ लिहिले. तेव्हापासून वर्गात धन चार्ज, ऋण चार्ज असेच चालू झाले. घरोघरी मोबाइल आले तेव्हा तर मला वाटले, आपला निर्णय काळानेच उचलून धरला.

यामागे दुसरेही एक कारण होते आणि ते मला आजही खोटे वाटत नाही. दहावीनंतर आमची मुले सायन्सला कराडला, साताऱ्याला किंवा सांगलीला जात. तिथे सगळे इंग्रजीतून. दहावीपर्यंत ज्याला प्रभार, रोध, विभवांतर तोंडपाठ होते तो हुशार मुलगा अकरावीच्या वर्गात पहिले कित्येक महिने मुका होऊन बसे. विषय येत असायचा, शब्द ओळखू यायचे नाहीत. सुट्टीत गावी आलेली ही मुले भेटली की मला अपराध्यासारखे वाटे. आपणच त्यांना अशा नाण्यांचा खुर्दा दिला की जो पुढच्या गावात चालत नाही, असे मनात येई. मग एकच शब्द शिकवावा, तो इंग्रजीच असावा, आणि तो सगळीकडे चालावा, हा सरळ मार्ग वाटला.

वाईत तयार झालेल्या परिभाषेबद्दल माझ्या मनात जी अढी होती ती याच वाटेने आली. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय आणि साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्र्याला जन्मलेले आणि कराडात वाढलेले. मंडळाच्या अध्यक्षपदी त्यांनी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना बसवले आणि विश्वकोशाचे काम वाईला, कृष्णेच्या काठी सुरू झाले. भाषा संचालनालयाचा पदनाम कोश १९६२ सालचा. ‘बदनाम कोश’ म्हणून त्याची टिंगल झाली, ती टिंगल मीही आवडीने पुढे सांगितली आहे. विश्वकोशाचा परिभाषा संग्रह १९७३ साली आला. क्रमांकाने तो अठरावा खंड, पण छापला गेला सगळ्यांच्या आधी. पहिला खंड त्याच्यानंतर १९७६ साली निघाला. कारण उघड आहे. नोंदी शेकडो लेखक लिहिणार, तेव्हा कुठल्या शास्त्रात कुठला शब्द वापरायचा हे आधी ठरायला हवे.

तो जाडजूड खंड चाळताना मला एकच गोष्ट खटके. इंग्रजी शब्द एक आणि त्यापुढे विषयागणिक वेगळे मराठी शब्द. माझा तर्क असा होता: इंग्रज माणसाला सहा ठिकाणी जो एक शब्द पुरतो, त्यासाठी आपल्याला सहा शब्द लागत असतील तर ती आपली गरिबी आहे. आणि एका शब्दाला एक पर्याय नक्की करता येत नसेल, तर परिभाषा केलीच कशाला? हे मी शिक्षकांच्या बैठकीत बोललो आहे. टाळ्याही मिळाल्या आहेत.

हे मत हलले ते वाचनाने किंवा कुणाशी वाद होऊन नाही. आमच्या शेजारचे आण्णा एका संध्याकाळी कागद घेऊन आले, तिथून ते हलायला लागले. आण्णा वयाने माझ्यापेक्षा मोठे, उसाची शेती, ठिबकसाठी एका बँकेकडून कर्ज घ्यायचे चालले होते. कागद अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी मराठी अक्षरांत. सही व्हायची होती. त्यात एक ओळ होती: सदर मिळकतीवर बँकेचा प्रथम चार्ज राहील.

‘‘सर, ह्यो चार्ज कितीचा हाय त्येवढं बघा की. रोख भरून टाकतो आन् मोकळा हुतो.’’

मी ओळ दोनदा वाचली. ‘‘आण्णा, हा भरायचा चार्ज नव्हे. हा बोजा आहे.’’

‘‘बोजा? सात-बाऱ्यावर?’’

‘‘हो, सात-बाऱ्यावर.’’

‘‘मग तसं लिव्हायचं की वो! जमीन सामाईकातली हाय. धाकट्याला न इचारता मी बोजा चढवू व्हय?’’

खिशातून काढलेल्या नोटा त्यांनी परत आत ठेवल्या. तो कागद सही न होता घरी गेला, भावाभावांत बोलणे झाले, मग पुढचे जे व्हायचे ते झाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. बोजा हा शब्द ऐकल्याबरोबर त्या माणसाला जे कळले ते मला चार ओळींत समजावून सांगता आले नसते. बोजा म्हणजे जमिनीवर दुसऱ्याचा हक्क बसला. तो सात-बाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात दिसणार. तो असेपर्यंत जमीन विकता येणार नाही, वाटणीत अडचण येणार. कर्ज फिटले की सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला आणायचा, तलाठ्याकडे द्यायचा, फेरफार पडणार, मंडल अधिकारी तो मंजूर करणार, आणि मग बोजा कमी होणार. विकास सोसायटीचा इकरार पिढ्यान्‌पिढ्या करत आलेल्या शेतकऱ्याला हे सगळे त्या एका शब्दात दिसते. आणि हे गहाण नव्हे, हेही दिसते. गहाण वेगळे, बोजा वेगळा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या शंभराव्या कलमात हाच फरक केलेला आहे. आण्णांनी कायदा वाचलेला नाही, पण त्यांच्या भाषेत तो फरक आहे.

‘चार्ज’ने मात्र त्यांना चुकवले. कारण त्यांच्या कानावर चार्ज दोनच अर्थांनी आलेला होता. एक मोबाइलचा आणि दुसरा पैसे भरण्याचा.

इथे मला पहिल्यांदा माझ्या तर्कातली खोट दिसली. इंग्रज माणसाला एक शब्द सहा ठिकाणी पुरतो, कारण ती सहाही ठिकाणे त्याच्या भाषेत त्याच्या लहानपणापासून आहेत. आपल्याकडे उसना शब्द येतो तेव्हा सगळे अर्थ बरोबर घेऊन येत नाही. जो अर्थ ज्या दारातून शिरला तेवढाच येतो. बाकीचे अर्थ इंग्रजी येणाऱ्याच्या डोक्यात राहतात. मग कागद लिहिणाऱ्याला एक कळते, सही करणाऱ्याला दुसरे.

त्यानंतर मी कान उघडे ठेवले. चार्ज आपल्याकडे कुठे बोलतात आणि कुठे बोलत नाहीत? कचेरीत नवा माणूस आला की ‘चार्ज घेतला’. शाळेत बदली झाली की खुर्च्या-टेबलांपासून प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांपर्यंत मोजून ‘चार्ज यादी’ द्यावी लागते, ती मीही दिली आहे. मोर्चावर लाठीचार्ज, त्याला वर्तमानपत्रे लाठीमारही म्हणतात. एमआयडीसीत सेक्शनचा इनचार्ज. बँकेत चार्जेस, तेही बहुधा अनेकवचनीच. पण चोरीच्या प्रकरणात गावातले कुणी ‘त्याच्यावर चार्ज आला’ म्हणत नाही. फिर्याद होते, गुन्हा दाखल होतो, आळ येतो. कोर्टात वकील आपसात ‘चार्ज फ्रेम झाला’ म्हणतील; पण आमच्या भागातला आरोपी घरी येऊन सांगतो तो दोषारोपच. १९९८ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली, त्याने हा शब्द आणखी पक्का झाला. पोरे आजीच्या ‘चार्ज’मध्ये कुणी ठेवत नाही. ती आजीच्या भरवशावर असतात, नाहीतर हवाली केलेली असतात.

आणि वीजबिल घ्या. त्यात चार्ज नाहीच. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. वर वीज शुल्क. माझ्या आईला अक्षरओळख बेताची होती, पण ‘आकार’ तिला नवा नव्हता. जमिनीची आकारणी, घरपट्टीची आकारणी तिच्या बोलण्यात होती. ज्याने कुणी वीजबिलासाठी आकार हा शब्द निवडला त्याने शेतसाऱ्याच्या कागदाची भाषा विजेच्या कागदाला दिली. शुल्क आणि आकार वेगळे ठेवले तेही बरोबर. आकार वीज देणाऱ्याचा, शुल्क सरकारचे. ‘चार्जेस’ म्हटले असते तर दोन्ही एकाच ढिगात गेले असते.

इंग्रजी शब्दाचे मूळ पाहायचे मला आधी कधी सुचले नव्हते. चार्ज आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी आहे ‘कारुस’, म्हणजे गाडी. गाडीत माल भरणे, गाडी लादणे हा त्याचा पहिला अर्थ. तिथून ओझे, ओझ्यावरून जबाबदारी, जबाबदारीवरून पद, ओझ्यावरूनच कर्जाचा भार, आरोपाचा भार, बंदुकीत दारू भरणे. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने काचेच्या बरणीत वीज साठवण्याचे प्रयोग केले, तेव्हा वीज ‘भरण्या’ला त्याने हाच शब्द वापरला आणि ओळीने मांडलेल्या बरण्यांना तोफखान्याचा शब्द दिला, बॅटरी.

आता आपल्याकडे पाहा. बंदुकीत भरतात तो बार. गाडीत भरतात तो भार. पद स्वीकारले की पदभार, कार्यभार. कराच्या वर आणखी कर म्हणजे अधिभार. राज्याच्या अर्थसंकल्पात विधानमंडळाच्या मतदानाला न येणारा खर्च, जसे राज्यपालांचे वेतन किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा पगार, तो एकत्रित निधीवर ‘भारित’ असतो. मांत्रिक पाणी भारतो. सभा रंगली की वातावरण भारलेले. मंत्र, कर, पद, गाडी, वीज या सगळ्यांना मराठीनेही एकाच धातूच्या ओढीने जवळ आणले, फक्त प्रत्येकाला वेगळा उपसर्ग, वेगळा प्रत्यय लावून ओळख राखली. मी ज्याला गरिबी म्हणत होतो ती ही होती.

क्रियापदे तर त्याहून बोलकी आहेत. बोजा चढतो आणि उतरतो. मोबाइल आला, नाव इंग्रजी आले, पण क्रिया आमच्या बायकापोरांनी मराठीच लावली: चार्जिंग उतरले, बॅटरी उतरली. शाळेतल्या पोरांना हे कुणी शिकवले नव्हते. लादलेले ते उतरते, एवढे भाषेला माहीत होते.

माझा भाचा काही वर्षे बँकॉकला नोकरीला होता. तिथली भाषा तो बऱ्यापैकी बोलतो. माझ्या डोक्यात हे घोळत असताना मी त्याला विचारले, थाई लोक चार्जला काय म्हणतात? तो म्हणाला, ‘‘मामा, कुठल्या चार्जला?’’ मोबाइल भरायचा असेल तर ‘चात्’, म्हणजे इंग्रजीच, थाई जिभेवर वळलेला. विज्ञानातला विद्युत चार्ज म्हणजे ‘प्रचु’. पोलिसांनी ठेवलेला आरोप ‘खोहा’. पैसे द्यायचे असतील तर ‘खा’, वीजबिल म्हणजे ‘खा फाइ’. आणि अंगावरचे ओझे, जबाबदारी म्हणजे ‘फारा’. हा फारा म्हणजे आपला भार. संस्कृत-पालीतून गेलेला, लिहितानाही त्यांच्या लिपीत ‘भ’ लिहून ‘फ’ म्हणतात. मिळकतीवरच्या बोजासारख्या बंधनाला त्यांच्या कायद्यात जो शब्द आहे त्याचीही सुरुवात याच फाराने होते.

मी थक्क झालो. इतक्या दूरची भाषा, आपल्याशी मुळाचे नाते नाही, तरी एका इंग्रजी शब्दाचे तुकडे तिने जवळजवळ आपल्यासारखेच केले. उसना शब्द बॅटरीपुरता घेतला. आरोप, पैसा आणि ओझे यांना आपापले शब्द ठेवले. त्यांच्याकडेही वाईसारखे काम झाले आहे. राजपुत्र वान वैथयाकोन यांनी विसाव्या शतकात संस्कृत-पालीच्या आधाराने राज्यकारभारासाठी कितीतरी थाई शब्द घडवले. हेच गृहस्थ १९५६ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. थाईत टेलिफोन म्हणजे ‘थोरासाप’, दूर आणि शब्द मिळून. रेडिओ ‘वित्थयु’, आपली विद्युत्. बँक ‘थनाखान’, म्हणजे धनागार. आपण धनागार म्हणायचे धाडस केले नाही, ते रोज म्हणतात. टेलिव्हिजनला मात्र घडवलेला शब्द कागदावर राहिला आणि बोलण्यात ‘थीवी’ आला. सगळे घडवलेले चालते असे नाही, सगळे उसने टिकते असेही नाही. तिकडेही नाही, इकडेही नाही.

इकडचे दाखले सातारा-सांगली या आमच्या दोन जिल्ह्यांतच आहेत. किर्लोस्करवाडीहून निघणारे ‘किर्लोस्कर खबर’ सावरकरांच्या आग्रहावरून नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. खबर अरबी-फारसी म्हणून गेली. पण गावात आजही खबर लागते, खबर येते, खबर देतात. उलट सावरकरांच्याच नावावर जमा असलेला ‘हुतात्मा’ हा शब्द वाळव्याच्या सहकारी साखर कारखान्याच्या नावात आहे, आणि ऊस घालणारा माणूस ‘हुतात्म्याला घातला’ असे सहज म्हणतो. बेचाळीसनंतरच्या लढ्यातले क्रांतिसिंह नाना पाटलांचे ‘प्रतिसरकार’ लोकांनी ‘पत्रीसरकार’ केले आणि फितुराच्या पायाला ठोकलेल्या पत्र्याशी त्याचा अर्थ जोडला. प्रति म्हणजे काय हे लोकांना कुणी समजावले नव्हते, पत्रा त्यांना माहीत होता.

ज्या गोष्टीने माझे मत पुरते फिरले ती मात्र पुराची आहे.

माझी बहीण सांगलीत गावभागात राहते. कृष्णा चढली की पहिल्यांदा ज्या वस्त्यांत पाणी येते त्यांतली ती एक. आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. २००५ च्या पुरात तिचा फोन यायचा तेव्हा ती म्हणायची, ‘‘कोयनेचं पाणी सोडलंय म्हणतात.’’ किती, कधी, काही नाही. पाणी सोडले एवढेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्याही वर गेली. तेव्हा तिचे बोलणे वेगळे होते. ‘‘दादा, कोयनेचा विसर्ग किती झाला? दरवाजे किती फुटांवर आहेत? अलमट्टीचा विसर्ग वाढवलाय का?’’ शेजारची दूधवाली तिला विचारत होती, ‘‘ताई, इसर्ग कमी क्येला का?’’

विसर्ग. मी हा शब्द व्याकरणातल्या दोन टिंबांपलीकडे कुणाच्या तोंडी जाईल यावर कधी विश्वास ठेवला नसता. पाटबंधारे खात्याच्या कागदातला संस्कृत शब्द. तोच गावभागातल्या दूधवालीच्या तोंडी सुरुवातीचा ‘व’ गाळून बसला होता, आणि अचूक बसला होता. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडले तर नदीला फारसे कळत नाही. सहा वक्र दरवाजे उचलले की कळते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. हा हिशेब पुराने लोकांना शिकवला आणि त्या हिशेबाला शब्द हवा होता. ‘पाणी सोडले’मध्ये आकडा बसत नाही. विसर्गात बसतो: इतके क्युसेक विसर्ग, इतक्या वाजता वाढवला. कराडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते, तिथून ते पाणी सांगलीला किती तासांनी पोहोचते हे बहिणीने मला सांगितले, मी तिला नाही.

आणि याच शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात? डिस्चार्ज. आमच्या चार्जचाच उलटा भाऊ. सांगलीच्या लोकांच्या तोंडी डिस्चार्ज आहेच, रोजचा आहे. शेजारीच मिरज आहे, दवाखान्यांचे गाव, डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय सुरू केले तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण तिथे येतात. ‘उद्या डिस्चार्ज मिळणार’ ही तिथली आनंदाची बातमी. पेशंट घरी येणार. पुराच्या रात्री मोबाइलवर ‘डिस्चार्ज वाढवला’ असा निरोप आला असता, तर गावभागातल्या माणसाला तो कळायला क्षणभर का होईना वेळ लागला असता. नोकरीतून सोडला तो कार्यमुक्त, खटल्यातून सुटला तो दोषमुक्त, दवाखान्यातून सुटका झाली तो डिस्चार्ज, धरणातून सुटले तो विसर्ग. चार जागी चार शब्द, आणि प्रत्येक जागेवरचा माणूस वेगळा.

यानंतर मी शाळेच्या ग्रंथालयात जाऊन तो परिभाषा संग्रह पुन्हा काढून बसलो. जे मला दोष वाटत होते तेच तिथले मुख्य काम होते. एका इंग्रजी शब्दापुढे विषयागणिक वेगळे शब्द लिहिताना त्या मंडळींनी प्रत्येक वेळी हा शब्द उद्या कोण वापरणार, हे डोळ्यांसमोर आणले असले पाहिजे. सगळे शब्द साधले असे मी म्हणणार नाही. कितीतरी शब्द छापल्या दिवसापासून तसेच पडून आहेत. ‘प्रभार’ माझ्या मनाला अजूनही पुरता रुचत नाही. विश्वकोशाने विद्युत् भार वापरला, तो कानाला बरा. पण भारनियमनाच्या वर्षांत तासन्‌तास अंधारात बसलेल्या मुलांना ‘भार’ म्हणजे विजेची मागणी, हे पक्के माहीत झाले होते. विजेच्याच धड्यात मागणीलाही भार आणि कणावरच्या गुणधर्मालाही भार म्हटले असते तर गोंधळ झाला असता. प्रभारातल्या ‘प्र’ने हा फरक राखला जातो. इतकी वर्षे तो शब्द फळ्यावरून पुसताना हे माझ्या लक्षात यायला हवे होते. आज वर्गावर असतो तर मी प्रभार पुसला नसता. त्याच्याशेजारी चार्ज लिहिला असता आणि त्या मुलीला सांगितले असते की तुझा प्रश्न बरोबर आहे: प्रभारी म्हणजे ज्याच्यावर प्रभार आहे तो, मग तो प्रभार कशाचा ते विचारायचे.

अकरावीत मुके होणाऱ्या मुलांचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. तो शब्दांचा नाहीच, हे मला उशिरा पटले. वरचे शिक्षण मराठीत नाही म्हणून ती मुले मुकी होतात. त्याचा दंड आठवीच्या पुस्तकातल्या शब्दांनी का भरावा? आता सेमी-इंग्रजीने बऱ्याच शाळांत विज्ञान इंग्रजीतूनच चालते आणि ही अडचण गेली म्हणून पालक समाधानी आहेत. मी नाही. त्या वर्गातून निघालेला मुलगा उद्या बँकेत बसेल आणि आण्णांच्या नातवापुढे तोच कागद ठेवेल.

म्हणून सध्या मी आमच्या सोसायटीच्या सचिवांबरोबर बसून कर्जाचे छापील अर्ज वाचतो. जिथे चार्ज आहे तिथे कुठला चार्ज ते विचारतो आणि बोजा असेल तर बोजा, आकार असेल तर आकार लिहायला सांगतो. काही ऐकतात, काही ‘वरून असाच नमुना आलाय’ म्हणतात. तेही खरे असते.

परवा हायवेला, कराडच्या अलीकडे, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गाड्यांचे चार्जिंग स्टेशन टाकले. पाटी कशी लिहू म्हणून विचारायला घरी आला. ‘‘सर, विद्युत प्रभारण केंद्र लिहू का?’’ मी म्हणालो, चार्जिंग लिही. बॅटरीला तो शब्द आपल्या लोकांनी कधीच स्वीकारला आहे. त्याच्या कच्च्या मसुद्यात खाली ‘चार्जेस प्रति युनिट’ असे होते. ते तेवढे बदलायला सांगितले. आता तिथे ‘दर प्रति युनिट’ आहे.